१७८० सालचं थेलर

जुन्या पेटीत ऑस्ट्रियाच्या सम्राज्ञी मारिया थेरेसाचं चांदीचं थेलर नाणं सापडलं, त्यावर १७८० साल दिसलं, तर लगेच हुरळून जाऊ नका. ती त्याच वर्षी वारली. पण अरबस्तान-इथिओपियातल्या व्यापाऱ्यांना हेच नाणं लागे, म्हणून पुढेही तेच साल घालून ते पाडलं गेलं. १९४०-४१मध्ये तर आपल्या मुंबईच्या टांकसाळीतही! वजन सुमारे २८ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी साधारण २३.४ ग्रॅम. बहुतेक नगांना चांदीच्या भावाच्या आसपासच किंमत येते. टांकसाळ ओळखायची ती भिंगातून, सम्राज्ञीच्या खांद्यावरच्या ब्रोचमधले मोती न्याहाळून. विक्रेता सांगेल तो आकडा सोडा, लिलावात प्रत्यक्ष किती आले ते बघा. आणि चिंचेनं घासू मात्र नका. घासलेल्या नाण्याचा भाव उतरतो.