किल्ल्या सोपवताना



हीरक महोत्सवात संस्था उभी करणाऱ्यांचे स्मरण होते आणि ते व्हायलाच हवे. संस्थेतून बाहेर पडणाऱ्यांचा उल्लेख मात्र वार्षिक अहवालात एका ओळीत उरकलेला असतो : अमुक यांनी प्रकृतीच्या कारणास्तव पदभार सोडला, संस्था त्यांची ऋणी आहे. त्या ओळीच्या आधी किती रात्री विचारात गेल्या आणि त्या ओळीनंतर संस्थेचे काय झाले, हे अहवाल सांगत नाही. आजचा विषय हाच आहे. उदाहरण मात्र एखाद्या शाळेचे वा मंडळाचे नसून संगणकाच्या जगातले आहे.

त्या जगात मुक्तस्रोत, म्हणजे रूढ भाषेत ओपन सोर्स, नावाची एक मोठी परंपरा आहे. प्रोग्राम लिहिणारा आपला कोड सर्वांसाठी उघडा ठेवतो. तो कोणीही वाचावा, वापरावा, सुधारावा. फायरफॉक्स आणि लिब्रेऑफिस मराठीतून वापरता येतात ते याच परंपरेमुळे. पण उघड्या ठेवलेल्या वस्तूचीही कोणीतरी निगा राखावी लागते. त्या व्यक्तीला मेंटेनर म्हणतात. आलेल्या तक्रारी वाचणे, इतरांनी पाठवलेल्या दुरुस्त्या तपासणे, नवी आवृत्ती काढणे, सुरक्षेतील भोके बुजवणे ही त्याची कामे. विहिरीचे पाणी सारा गाव भरतो आणि गाळ काढायला एखादाच उतरतो, तसे हे आहे. अनेकदा या कामाला पगार नसतो. तक्रार करणाऱ्याला बहुधा त्याची कल्पनाही नसते.

आज सीबीएसईच्या अकरावी-बारावीच्या संगणकशास्त्रात पायथॉन ही भाषा शिकवली जाते. तिचा जनक गिडो व्हान रॉसम हा डच प्रोग्रामर. ॲमस्टरडॅमच्या सीडब्ल्यूआय या संशोधन संस्थेत काम करीत असताना १९८९च्या नाताळच्या सुटीत वेळ घालवण्यासाठी म्हणून त्याने ही भाषा लिहायला घेतली आणि फेब्रुवारी १९९१मध्ये ती सर्वांसाठी खुली केली. नाव ठेवले ते सापावरून नव्हे, 'मॉंटी पायथन' या ब्रिटिश विनोदी मालिकेवरून. पुढे जगभरचे प्रोग्रामर तिच्याभोवती जमले. १९९५मध्ये सहकाऱ्यांनी थट्टेने त्याला एक पदवी दिली : 'आजन्म परोपकारी हुकूमशहा'. थट्टेतली ही पदवी हळूहळू खरी ठरली. भाषेत कोणता बदल व्हावा यावर लेखी प्रस्ताव यायचे, वाद व्हायचा आणि अखेरचा शब्द गिडोचा असायचा. नोकरी त्याने वेगवेगळ्या कंपन्यांत केली. गूगलमध्ये तर त्याचा निम्मा वेळ पायथॉनसाठी राखलेला होता. पण हे 'हुकूमशहा'पद कोणत्याही कंपनीने दिलेले नव्हते आणि त्याला निवृत्तीचे वयही नव्हते. पदवीतच 'आजन्म' होते.

१२ जुलै २०१८ रोजी त्याने ते पद सोडले.

निमित्त ठरले एका छोट्याशा चिन्हाचे. अपूर्णविराम आणि त्याला लागून बरोबरचे चिन्ह. एखाद्या नावाला किंमत देणे आणि तीच किंमत त्याच ओळीत वापरणे या चिन्हामुळे शक्य होणार होते. आडवे पाहिले तर डोळे आणि सुळे दिसतात म्हणून लोक त्याला 'वॉलरस' म्हणू लागले. काहींना ही सोय वाटली, तर काहींना भाषेच्या सोपेपणावर घाला वाटला. महिनोन्‌महिने वाद चालला आणि तो पुष्कळदा कटू झाला. गिडोने अखेर प्रस्ताव मंजूर केला आणि थोड्याच दिवसांत सहकाऱ्यांना पत्र लिहिले. एका प्रस्तावासाठी पुन्हा एवढे झगडण्याची आणि मग इतक्या लोकांना आपला निर्णय तिरस्करणीय वाटतो हे पाहण्याची इच्छा उरलेली नाही, असा त्याचा आशय होता. वय वाढते आहे, प्रकृतीच्या कुरबुरी आहेत, केव्हातरी हे व्हायचेच होते, असेही त्यात होते. वाद हरून निघून गेलेली माणसे पुष्कळ असतात. हा माणूस वाद जिंकून निघाला, आणि थकव्याचे खरे रूप इथेच दिसते.

या पत्रातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट म्हणजे त्याने वारस नेमला नाही. रोजच्या कामाची त्याला चिंता नव्हती, ती कामे सहकारी आधीपासूनच करीत होते. दोनच प्रश्न उरतात, असे त्याने दाखवून दिले : यापुढे प्रस्तावांवर निर्णय कोणी घ्यायचा आणि मुख्य मंडळात नवी माणसे कशी घ्यायची. लोकशाही आणा, संघराज्य आणा किंवा दुसरा हुकूमशहा शोधा, तुमचे तुम्ही ठरवा, असे सांगून तो बाजूला झाला. काही काळ सल्ल्यासाठी उपलब्ध राहण्याचे वचन मात्र त्याने दिले.

ही बेपर्वाई होती, असे कोणी म्हणेल. वरवर पाहता तशी शंका येते खरी. पण नेमलेला वारस हा नेमणाऱ्याची सावली घेऊन बसतो. त्याच्या प्रत्येक निर्णयाची तुलना आधीच्याशी होते, आणि बाजूला झालेल्याला दर आठवड्याला कौल लावायला माणसे येतात. बृहन्महाराष्ट्रातील मराठी मंडळे, वाचनालये आणि शाळा चालवणाऱ्यांना हे नव्याने सांगायला नको. तीस-तीस वर्षे एकच कार्यवाह, कपाटाच्या किल्ल्या त्याच्या घरी, हिशेब त्याच्या वहीत आणि देणगीदारांची नावे त्याच्या डोक्यात. तो सज्जन असतो, म्हणूनच कोणी काही बोलत नाही.

पायथॉनच्या मंडळींनी पाच महिने घेतले. राज्यकारभाराचे सात वेगवेगळे आराखडे लिहून झाले. कोणी एकाच नेत्याचा, कोणी छोट्या मंडळाचा, कोणी मंडळच नसलेला. डिसेंबर २०१८मध्ये पसंतीक्रमाने मतदान झाले आणि पाच जणांच्या सुकाणू मंडळाचा आराखडा निवडला गेला. प्रत्येक मोठ्या आवृत्तीनंतर मंडळाची नवी निवडणूक व्हायची आणि एकाच कंपनीतले दोनहून अधिक सदस्य त्यात असायचे नाहीत. दुसरा नियम विशेष शहाणपणाचा आहे, कारण फुकट राबणाऱ्यांच्या संस्थेवर पैसेवाल्याचा ताबा न कळत बसतो. फेब्रुवारी २०१९मध्ये पहिले मंडळ निवडून आले, त्यात गिडोही होता. पुढच्या निवडणुकीत त्याने नाव मागे घेतले. पद सोडून पुन्हा मंडळात कशाला, असा आक्षेप घेता येईल. परंतु नवी घडी बसेपर्यंत पाचांतला एक होऊन राहणे आणि मग उठणे, ही दोन पायऱ्यांनी उतरण्याची रीत वाईट नाही.

सर्वांच्या नशिबी असे सहकारी नसतात. २०१८मध्येच जावास्क्रिप्टमधील एका लोकप्रिय लहान प्रोग्रामच्या कर्त्याला त्यात रस उरला नव्हता. एका अनोळखी माणसाने काम सांभाळण्याची तयारी दाखवली, याने ते देऊन टाकले, आणि नव्या माणसाने त्यातून बिटकॉइन चोरणारा कोड पसरवला. एक्सझेड नावाच्या प्रोग्रामची गोष्ट अधिक भयंकर आहे. फायली आकाराने लहान करणारे हे साधन लिनक्सच्या असंख्य यंत्रांवर असते आणि ते वर्षानुवर्षे प्रामुख्याने एकच माणूस फावल्या वेळात, विनामोबदला सांभाळत होता. काम मागे पडते म्हणून त्याच्यावर पत्रांतून टोचून बोलणे सुरू झाले. त्याच काळात 'जिया टॅन' या नावाने कोणी मदतनीस चिकाटीने काम करीत होता. हळूहळू अधिकार त्याच्याकडे गेले. २०२४च्या फेब्रुवारी-मार्चमधील आवृत्त्यांत त्याने गुप्त दरवाजा बसवला. आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिन व्हायला सुमारे अर्धा सेकंद जास्त का लागतो, असा प्रश्न पडला, त्याने तो तडीस नेला आणि २९ मार्च २०२४ रोजी हा प्रकार जाहीर केला. बहुतेक स्थिर प्रणालींपर्यंत तो दरवाजा पोहोचण्याआधीच पकडला गेला. दमलेल्या माणसाला घाई करणाऱ्यांनी नेमके काय मागितले होते, हे त्या दिवशी कळले.

१९९३पासून चाललेल्या डेबियन या प्रकल्पाने मात्र जाण्याचीही व्यवस्था लावून ठेवली आहे. तिथे ज्याला एखादा प्रोग्राम पुढे सांभाळणे जमणार नाही, तो 'दत्तक हवा' अशी नोंद करतो. अगदीच हात टेकले तर 'अनाथ' अशी नोंद करतो. ही यादी सर्वांसमोर असते. घेऊ इच्छिणारा तिथेच तसे कळवतो, आणि तोवर अनाथांकडे गुणवत्ता पाहणारा एक गट लक्ष देतो. कारण विचारले जात नाही, निरोपसमारंभही होत नाही. 'आता होत नाही' हे वाक्य उच्चारायला तिथे एक ठरलेली जागा आहे, एवढेच.

व्हिम या संपादकाचा कर्ता ब्राम मूलेनार याने वेगळा मार्ग धरला. १९९१मध्ये त्याने पहिली आवृत्ती दिली आणि पुढे तो वापरणाऱ्यांकडे युगांडातील मुलांसाठी देणगी मागत असे. ३ ऑगस्ट २०२३ रोजी तो वारला, तोवर काम त्याच्याच हाती होते. त्याच्याबद्दल आदरच वाटतो; पण त्याच्या पश्चात व्हिम चालू राहिला तो दीर्घकाळ सोबत काम केलेले सहकारी होते म्हणून, हेही नोंदवायला हवे.

गिडोने पुढे नोकरीतूनही निवृत्ती घेतली. घरी बसून कंटाळा आला तेव्हा नोव्हेंबर २०२०मध्ये तो मायक्रोसॉफ्टमध्ये रुजू झाला आणि पुन्हा पायथॉनचेच काम करू लागला, साधा सहकारी म्हणून. त्याच वर्षी त्याने आणि काही साथीदारांनी भाषेत एक मोठी भर घालण्याचा प्रस्ताव मांडला होता. त्यावर पुन्हा वाद झाला. मूळ प्रस्ताव मोडून त्याचे तीन भाग नव्याने लिहावे लागले. भाषेचा जनक इतरांसारखाच निर्णयाची वाट पाहत राहिला. फेब्रुवारी २०२१मध्ये मंडळाने प्रस्ताव मान्य केला आणि ऑक्टोबरमध्ये ती सोय नव्या आवृत्तीत आली. निर्णयाखाली गिडोची सही नव्हती. ती आता सुकाणू मंडळाची होती.