साळ नदीकाठची चर्चं

गोव्याच्या सासष्टीत साळ नावाची लहानशी नदी वाहते. वेर्ण्याजवळ उगम पावून बाणावली, वार्का, चिंचोणे, असोळणे अशा गावांना धरून ती बेतूलला समुद्राला मिळते. पाहुण्याच्या डोळ्यांत भरतात ती या गावांतली पांढरीशुभ्र चर्चं. ‘पोर्तुगीजांनी बांधली’ असं म्हटलं की विषय मिटतो. पण एवढ्याशा खेड्यांना ती पेलली कशी, हे त्यातून कळत नाही. ते कळायला नदीच्या चिखलात उतरावं लागतं. साळीच्या खालच्या पट्ट्यात भरतीचं खारं पाणी शिरतं. ते अडवायला गावांनी मातीचे बांध घातले आणि त्यांत लाकडी झडपांची मानसं बसवली. भरतीच्या रेट्यानं झडप मिटते, ओहोटीला आतलं पाणी तीच झडप ढकलून बाहेर पडतं. अशी राखलेली जमीन म्हणजे खाजन. खारं सोसणारं कोरगूट भात तिथंच पिकतं. हा कारभार पाहणारी गावकरी, म्हणजे गावच्या मूळ घराण्यांची (गावकारांची) संस्था, पोर्तुगीजांच्या आधीची. त्यांनी तिला कोमुनिदाद म्हटलं, आणि देवळांकडे जाणारं तिचं उत्पन्न चर्चकडे वळवलं. चर्चं पेलली ती या उत्पन्नावर.

ही जुलूमजबरदस्तीच होती, असं कोणी म्हणेल, आणि ते खरंच आहे. 1583 मध्ये कुंकळ्ळीत चर्चला विरोध करणाऱ्यांच्या हातून पाच जेझुइट धर्मप्रचारक मारले गेले. मग वाटाघाटींच्या निमित्तानं गावच्या नायकांना असोळण्याच्या किल्ल्यात बोलावून त्यांची कत्तल झाली. एकानं नदीत उडी टाकून जीव वाचवला, असं सांगतात. पुढे जमिनीही जप्त झाल्या. म्हणजे सत्तेलाही या काठाचं मोल नेमकं ठाऊक होतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: पुढच्या काळात चर्चच्या डागडुजीला बोटींवर काम करणाऱ्या तारवट्यांचा, आफ्रिकेत गेलेल्यांचा पैसा आला. मान्य, पण बोटीवर जाणारा माणूसही याच भातावर वाढलेला. गावकरीचं मात्र उगाच कौतुक नको. उत्पन्नातला हिस्सा गावकारांच्या मुलग्यांना, आणि बांधावर चिखल वाहायला बहुधा कुणबी. तरी बांध फुटला तर धावायचं कोणी, हे ठरलेलं असे. सासष्टीतल्याच राय गावात आजही 5 ऑगस्टला नव्या कणसांना चर्चचा आशीर्वाद मिळतो. शेत आणि वेदी यांचं नातं याहून उघड काय असणार?

1964 च्या कूळ कायद्यानंतर बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे गेली. शेती पडीक पडत गेली, तसा बांधात कोणाचा जीव उरला नाही. आता चर्चला फेस्ताच्या सणाआधी रंग लागतो. कितीतरी मानसांच्या कुजलेल्या फळ्या मात्र तशाच आहेत.