वेळूचं ऋण

मायबापहो, पौष वद्य एकादशीला तुम्ही दिंडीतून त्र्यंबकेश्वरी निवृत्तिनाथांच्या दर्शनाला जाता. खांद्यावर भगवी पताका. पताकेला सगळे हात जोडतात, तिच्या काठीकडे कोण बघतो? काठी वेळूची. एवढा उंच वाढतो, पण जात गवताची! १९२७ च्या वन कायद्यानं त्याला झाडात धरलं. २०१७ साली रानाबाहेरच्या वेळूला त्यातून मोकळं केलं. झाड म्हटलं म्हणून तो फुगला नाही, गवत म्हटलं म्हणून खचला नाही.

पाचवीला बाळाला सुपात घालता ना? सूप वेळूचं. शेवटची तिरडी, तीही वेळूचीच. तिरडीच्या बांबूचा भाव कोणी करतं का हो? मागेल ते मुकाट्यानं देतो. आणि बुरुडाच्या घरची माउली बोटं कापून घेत कामट्या काढते, सूप विणते; तिच्याशी मात्र दहा रुपयांसाठी घासाघीस! बाबांनो, मढ्यासाठी सैल सुटणारी मूठ जित्या हातापुढं का आवळता?

पुढच्या बाजारी सूप घ्याल, तेव्हा ती सांगेल ते दाम द्या. तोही नामस्मरणाचाच एक प्रकार आहे. राम कृष्ण हरी!