दयेपोटी दिलेले औषध
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज मी गिधाडांविषयी बोलणार आहे. मंगल दिवशी असले अभद्र नाव काढले म्हणून नाके मुरडू नका.

गावाबाहेर मेलेले ढोर ओढून टाकले की आभाळातून गिधाडे उतरत आणि थोड्याच वेळात नुसता सांगाडा उरे. माझ्या वयाच्या भगिनींनी हे लहानपणी पाहिले असेल. आता ती दिसत नाहीत. पांढऱ्या पाठीची जात तर १९९२ ते २००७ या पंधरा वर्षांत हजारात एक इतकीच उरली.

कारण सापडले ते २००४ साली. कंबर धरली की डॉक्टर आपल्याला डायक्लोफिनॅक देतात ना, तेच स्वस्त झाल्यावर गुराढोरांनाही सर्रास टोचू लागले. टोचल्यावर लवकरच ढोर मेले, तर औषध मांसात राहते. ते खाऊन गिधाडाची मूत्रपिंडे बिघडतात आणि काही दिवसांत पक्षी मरतो. थवाच्या थवा एका ढोरावर बसणार. शंभरात एक ढोर तसले असले तरी पुरे!

कोणी म्हणतात, शेतकऱ्याने घात केला. मला हे मुळीच पटत नाही. दावणीचा बैल लंगडू लागला, तर घरच्या बाईचा घास घशाखाली उतरत नाही. औषध बैलाला मानवते की नाही, हे पाहिले गेले. मेल्यावर त्याला कोण खातो, हे पाहणे कोणाचेच काम नव्हते.

पुढे उकिरड्यावरचे मांस कुत्र्यांना मिळू लागले. मुंबईच्या पारशी लोकांना डुंगरवाडीवर सूर्यकिरण एकवटणारी यंत्रे बसवावी लागली. २००० ते २००५ या काळात त्यापायी सुमारे पाच लाख माणसे जास्त दगावली, असा अंदाज २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. पाच लाख, भगिनींनो!

सरकारने २००६ साली जनावरांसाठी हे औषध बंद केले. तरी माणसांसाठीच्या मोठ्या बाटल्या गोठ्यात जातच होत्या. म्हणून २०१५ साली बाटली तीन मिलिलिटरची करावी लागली. गिधाडाची मादी वर्षाला एकच अंडे घालते, तेव्हा गेलेले थवे एवढ्यात परतायचे नाहीत.

ज्यांच्या माहेरी-सासरी गुरे आहेत, त्यांनी ढोरांच्या डॉक्टरांकडे मेलॉक्सिकॅम मागावे. त्याने गिधाडांना अपाय होत नाही. नाव जरा अवघड आहे. मी पदराला गाठ मारावी तसे पाठ केले आहे.