मुलाचा ताप : सकाळपर्यंत थांबावें कीं रात्रींच निघावें?

पेणला भोगावतीच्या कांठीं काय किंवा रोह्यास कुंडलिकेच्या कांठीं काय, श्रावणाचे दिवस म्हणजे घरोघर तापाचे दिवस. पेण, हमरापूर, जोहे येथील गणपतीच्या कारखान्यांत रंगकामाला त्या वेळीं दिवस पुरत नाहीं, खारेपाटांतील भातखाचरांत पाणी उभें असतें, आणि नेमक्या याच दिवसांत रात्रीं दहाच्या सुमारास कोणा एका घरीं दोन वर्षांच्या मुलाचें अंग हाताला चटका बसावा असें तापतें. आई थर्मामीटर लावते. तो १०३ अंश दाखवितो. आजी म्हणते, "दांत येताहेत ग, सकाळीं उतरेल." वडील म्हणतात, "मी गाडी काढतों, अलिबागला नेऊं." बाहेर पाऊस कोसळत असतो. आजीचें ऐकावें कीं वडिलांचें, या वादांत अर्धा तास जातो. आणि मौज अशी कीं, तेवढ्या अर्ध्या तासांत सर्वांचे डोळे आंकड्याकडे असतात, मुलाकडे कोणाचेच नसतात.

आंकड्याचें महत्त्व किती, हें प्रथम ठरविलें पाहिजे. दीडशें वर्षांपूर्वीं थर्मामीटर हातभर लांब असे व तो लावून वीस-वीस मिनिटें बसावें लागे. १८६६ च्या सुमारास ऑलबट नांवाच्या इंग्रज वैद्यानें तो खिशांत मावेल इतका लहान केला, आणि १८६८ सालीं लाइपझिगच्या वुंडरलिखनें हजारों रोग्यांचा ताप मोजून त्यावर ग्रंथ लिहिला. त्यानें आग्रहानें सांगितलेली गोष्ट अशी कीं, ताप हा रोग नसून रोगाचें चिन्ह आहे. १००.४ अंशांपासून पुढें ताप म्हणावयाचा. कांखेंत मोजलेला आंकडा खऱ्यापेक्षां सुमारें एक अंशानें कमी भरतो, हें मात्र विसरूं नये. १०३ चा ताप साध्या सर्दींतहि येतो आणि १०१ चा ताप गंभीर रोगांतहि असूं शकतो. तापानें मेंदू भाजतो ही समजूत सुशिक्षित घरांतहि आढळते. परंतु संसर्गानें आलेला ताप शरीर बहुधा आपणच आवरून धरतें. उन्हाच्या झळेनें किंवा बंद मोटारींत कोंडलें गेल्यानें तापलेलें अंग ही गोष्ट निराळी. तेथें एक क्षणहि दवडूं नये. दांतांविषयीं म्हणाल, तर दांत येतांना अंग थोडें कढत लागेल, पण १०३ चा ताप दांतांच्या माथीं मारणें हा दांतांवर अन्याय आहे.

एका बाबतींत मात्र आंकडाच निर्णय करतो. बाळ तीन महिन्यांच्या आंतलें असेल आणि ताप १००.४ वा अधिक भरला, तर रात्र असो, पाऊस असो, बाळ हंसत असो, त्याला तत्काळ डॉक्टरांकडे नेलें पाहिजे. इतक्या लहान जिवाच्या अंगीं रोगाशीं झगडण्याची व तो दाखविण्याची, दोन्ही शक्ति थोड्या असतात; रक्तांतील किंवा मेंदूच्या आवरणांतील जंतुदोष अशा बाळांत केवळ थोड्याशा तापानें प्रकट होतो. कधीं तर उलट अंग गार पडतें व बाळ अंगावर ओढत नाहीं. तेंहि तितकेंच धोक्याचें. लस टोंचल्यावर एक-दोन दिवस येणारा ताप सर्वांना ठाऊक आहे. तरी या वयांत तो लसीचाच आहे हें घरच्यांनीं ठरवूं नये. तीन ते सहा महिन्यांच्या बाळास १०२ च्या वर ताप गेला, तरीहि त्याच दिवशीं दाखवावें.

त्याहून मोठ्या मुलाचा आंकडा बाजूला ठेवून मूल पाहावें. पाणी, दूध, पेज यांपैकीं कांहीं तें घेतें काय? घेतलेलें सर्वच्या सर्व ओकून टाकतें काय? ताप थोडा उतरला कीं आईकडे पाहून हंसतें, खेळण्यास हात घालतें, कीं हांक मारली तरी डोळे उघडीत नाहीं? ज्या मुलाचा ताप औषधानें १०३ वरून १०१ वर येतो आणि जें उठून बिस्किट मागतें, तें मूल सकाळपर्यंत थांबूं शकतें. ज्याचा ताप उतरूनहि तें निपचितच पडून राहतें, तें थांबूं शकत नाहीं. मग श्वास मोजावा. मूल शांत असतांना, पोटावरचा कपडा वर करून, घड्याळ समोर ठेवून पुरें एक मिनिट मोजावयाचा. दोन महिन्यांपासून वर्षापर्यंत मिनिटास ५० किंवा अधिक, एक ते पांच वर्षांपर्यंत ४० किंवा अधिक श्वास भरले, अथवा श्वासागणिक बरगड्यांखालीं खळगा पडूं लागला, तर छाती भरली असें समजून निघावें. सहा-आठ तासांत लघवी न होणें, मान ताठणें, टाळू फुगणें, आणि कांचेचा पेला दाबून धरला तरी न मावळणारे लाल-जांभळे ठिपके अंगावर उठणें, यांपैकीं एकहि गोष्ट दिसली तर आजीचें मत विचारण्यासहि थांबूं नये.

औषधाविषयीं एक सावधगिरी. पॅरासिटामॉलची मात्रा वयावर नसून वजनावर असते : दर किलोस १० ते १५ मिलिग्रॅम, चार ते सहा तासांच्या अंतरानें, आणि दिवसाकाठीं चारांहून अधिक वेळां नव्हे. घोटाळा होतो तो बाटल्यांत. थेंबांच्या बाटलींत एका मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम औषध असतें. सिरपाच्या पांच मिलिलिटरच्या चमच्यांत १२० असतें, दुसऱ्या सिरपांत २५०. थेंबांचें औषध चमच्यानें पाजलें कीं एकदम ५०० मिलिग्रॅम पोटांत जातात. बाटलीवरची अक्षरें दिव्याखालीं वाचावीं. ॲस्पिरिन मुलांस देऊंच नये. घोंगड्यांत गुंडाळणें किंवा बर्फाच्या पाण्यानें अंग पुसणें, दोन्हीहि नकोत. कपाळावरची कोलनवॉटरची पट्टी आईच्या समाधानापुरती ठीक आहे.

सहा महिने ते पांच वर्षे या वयांत कांहीं मुलांना तापांत आंकडी येते. पाहणाऱ्याचे हातपाय गळतात, पण बहुधा ती पांच मिनिटांच्या आंत थांबते व मागें इजा ठेवीत नाहीं. मुलाला कुशीवर निजवावें, घड्याळ पाहावें, तोंडांत चमचा किंवा बोट घालूं नये, कांदा वा जोडा हुंगवूं नये. पांच मिनिटें उलटलीं तर दवाखाना. पहिलीच आंकडी असेल तर ती थांबल्यावरहि दवाखाना.

आतां पेण-रोह्याकडच्या ऋतूची गोष्ट. १८९७ सालीं सिकंदराबादेस रोनाल्ड रॉसनें डांसाच्या पोटांत हिंवतापाचा जंतु पाहिला, तेव्हांपासून हा रोग डांसांमुळें पसरतो हें कळलें. तरी लहान मुलांत हुडहुडी भरून एकाआड एक दिवस येणारा पुस्तकी हिंवताप क्वचितच दिसतो. म्हणून पावसाळ्यांत सर्दी-खोकल्याशिवाय आलेल्या तापांत "तीन दिवस पाहूं" हें धोरण नको. पहिल्या-दुसऱ्या दिवशींच रक्त तपासून घ्यावें. सरकारी दवाखान्यांत हें काम फुकट होतें. डेंग्यूची चाल याहून फसवी आहे. तीन ते सात दिवसांच्या सुमारास ताप उतरतो, घरांत आनंद होतो, आणि धोका तेव्हांच सुरू होतो. पोटांत दुखणें, वरचेवर ओकारी, हिरड्यांतून वा नाकांतून रक्त, गार पडलेले हातपाय, अशीं चिन्हें ताप गेल्यावर दिसलीं तर मूल बरें होत आहे असें मानूं नये.

निघावयाचें ठरलें तर पेण व रोहा या दोन्ही ठिकाणीं उपजिल्हा रुग्णालयें आहेत. मुलाची स्थिति वाईट असेल तर पावसांत अलिबाग किंवा पनवेलची लांब वाट एकदम धरण्यापेक्षां प्रथम तेथें जाऊन, मूल सांवरून, मग पुढें नेणें शहाणपणाचें. महाराष्ट्रांत २०१४ पासून १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका फुकट मिळते. चारचाकी दारांत असली, तरी आंकडी चालूं असलेलें किंवा धापा टाकणारें मूल मांडीवर घेऊन महामार्गाचे खड्डे चुकवीत जाण्यापेक्षां ती बरी, कारण तिच्यांत प्राणवायु असतो. अंगावरचें मूल असेल तर वाटेंतहि पाजीत राहावें. आणि एका कागदावर ताप केव्हां सुरू झाला, किती भरला, कोणतें औषध किती वाजतां किती दिलें, लघवी शेवटची केव्हां झाली, मुलाचें वजन किती, एवढें लिहून सोबत घ्यावें. मध्यरात्रीं डॉक्टर हेंच प्रथम विचारतात.