विजेचा प्रवाह आणि दुबळे स्नायू
(स्नेहसंमेलनातील भाषणाचा सारांश)



हातपाय लुळा पडला की आपल्याकडे पहिला प्रश्न असतो, "करंट देणार ना?" मेडिकलमध्ये जा की मेयोमध्ये, रुग्णाचा भरवसा यंत्रावर अधिक आणि व्यायामावर कमी. म्हणून या प्रवाहाने काय होते व काय होत नाही, एवढेच आज सांगणार आहे.

मृत बेडकाचा पाय विजेने आखडतो, हे इटलीच्या गॅल्व्हानी यांनी १७९१ साली प्रसिद्ध केले. पुढे १८३१ मध्ये फॅरडे यांनी विद्युतप्रवर्तनाचा शोध लावला. 'गॅल्व्हानिक' आणि 'फॅरॅडिक' ही उपचारातील नावे या दोघांवरूनच आली.

गुडघ्याच्या शस्त्रक्रियेनंतर मांडीचा स्नायू सुस्त पडतो, पण त्याची नस शाबूत असते. अशा वेळी सेकंदाला तीसपन्नास सूक्ष्म ठोके दिले की नसेमार्फत स्नायू आवळतो. त्याच क्षणी रुग्णाने स्वतःही जोर लावावा. खरा लाभ त्यात आहे. अर्धांगवायूत चालताना पाऊल लोंबते. नेमके पाऊल उचलण्याच्या वेळी प्रवाह देण्याची युक्ती अमेरिकेत लिबरसन यांनी १९६१ साली मांडली. ती आजही उपयोगात आहे.

नसच तुटली तर गोष्ट निराळी. समजा, मोमिनपुऱ्यातील एखाद्या विणकराच्या दंडाचे हाड मोडले, लगतची नस दुखावली आणि मनगट लोंबू लागले. हे सूक्ष्म ठोके तेथे चालत नाहीत, लांब ठोके लागतात. त्यांचा कायमचा फायदा किती, याविषयी तज्ज्ञांत मतभेद आहेत. नस पुन्हा वाढते ती रोज सुमारे १ मिलिमीटर, म्हणजे महिन्याला जेमतेम ३ सेंटिमीटर. प्रवाहाने ही गती दुप्पट होत नाही. तोवर मनगटाला आधारपट्टी बांधणे व दुसऱ्या हाताने सांधे हलते ठेवणे, हेच मुख्य काम होय. सांधा एकदा आखडला की नस परत येऊनही माग चालवणे कठीण!

चेहऱ्याच्या लकव्यात बहुतेक रुग्ण आपोआप सुधारतात. तेथे करंटसाठी धावण्यापेक्षा पहिल्या ७२ तासांत डॉक्टरांना दाखवावे, कारण औषधाचा उपयोग तेव्हाच अधिक होतो. उघड्या राहणाऱ्या डोळ्याचीही काळजी घ्यावी. चेहऱ्याबरोबर हातपायही दुबळा झाला किंवा बोलणे अडखळले, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठावे.

हृदयात पेसमेकर असल्यास, गर्भवतीच्या पोटावर, कर्करोगाच्या गाठीवर किंवा बधिर कातडीवर हा प्रयोग मनाने करू नये. बाजारातून यंत्र आणून घरी लावणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे.

शेवटी विद्यार्थिनींना एक विनंती. पाठीला वा मांडीला पॅड लावायचे म्हटले की अनेक भगिनी संकोचतात आणि उपचारच टाळतात. आपल्याच घरातील मुली विज्ञान शाखेतून भौतिकोपचाराकडे वळल्या, तर हा संकोच दूर होईल आणि कित्येक हातपाय वेळीच वाचतील. आपल्या शहरात हे शिक्षण उपलब्ध आहे, दूर जावे लागत नाही.

वीज स्नायूला जागे करते, चालवायचे मात्र माणसालाच.