नोकरीच्या बाजारातील आपला चेहरा
(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक मेळाव्यात दिलेले भाषण)



या व्यासपीठावरून आजवर विद्यार्थिसाहाय्य, वधूवरसूचन, काटकसर इत्यादी विषयांचा पुष्कळ उहापोह झालेला आहे. त्यामानाने आमचा आजचा विषय क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. लिंक्डइनवर आपल्या नावाशेजारी कोणते छायाचित्र लावावे, एवढाच तो विषय. परंतु ज्या घरातील मुलगा अगर मुलगी नोकरीच्या शोधात आहे, त्या घरास तो क्षुल्लक वाटणार नाही.

२००३ साली अमेरिकेत सुरू झालेले आणि २०१६ साली मायक्रोसॉफ्ट कंपनीने विकत घेतलेले हे लिंक्डइन म्हणजे वस्तुतः जुन्या ओळखीच्या चिठ्ठीचाच नवा अवतार होय. पूर्वी उमेदवार चिठ्ठी घेऊन पेढीवर जाई आणि शेटजी त्यास नखशिखांत न्याहाळीत. आता हे न्याहाळणे उमेदवाराच्या गैरहजेरीत, एका लहानशा वर्तुळातील चेहऱ्यावरून होते. न्याहाळणाऱ्यास वेळही फारसा लागत नाही. प्रिन्स्टन विद्यापीठातील विलिस आणि टोडोरॉव्ह या संशोधकांनी २००६ साली असे दाखवून दिले की, अनोळखी चेहरा सेकंदाचा केवळ दहावा हिस्सा दाखविला तरी पाहणारा त्या माणसाच्या विश्वासार्हतेविषयी व कर्तबगारीविषयी मत बनवून मोकळा होतो. अधिक वेळ दिल्यास त्याचे मत फारसे पालटत नाही. स्वतःच्या मतावरील त्याचा विश्वास मात्र वाढतो! हे मत खरे असते असे कोणी समजू नये. त्याच टोडोरॉव्ह यांनी एका सहकाऱ्यासमवेत २०१४ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात एकाच माणसाची निरनिराळी छायाचित्रे पाहून लोकांनी निरनिराळी मते दिली. म्हणजे चेहऱ्यावरून माणसाची पारख होत नाही, परंतु छायाचित्राच्या निवडीवर पुष्कळ काही अवलंबून राहते, असे दुहेरी निदान निघते.

तर मग निवड कोणी करावी? आपला चेहरा आपणच उत्तम जाणतो, असा आपला सर्वांचा समज असतो. हा समज ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्स विद्यापीठाच्या २०१७ सालच्या एका प्रयोगाने खोटा ठरविला. तेथे विद्यार्थ्यांनी स्वतःच्या अनेक छायाचित्रांतून निवड केली आणि दुसऱ्या अनोळखी माणसांनीही त्याच छायाचित्रांतून निवड केली. तिऱ्हाइतांना दाखविता, परक्यांनी निवडलेलीच छायाचित्रे अधिक अनुकूल ठरली. यामागील एखादे कारण आरशात दडलेले असावे असा आमचा तर्क आहे. १९७७ सालच्या एका अमेरिकन प्रयोगात असे दिसले होते की, माणसास आपली आरशातील उलटी प्रतिमा आवडते, तर त्याच्या मित्रांना सरळ प्रतिमा आवडते. जो चेहरा रोज पाहावयाची सवय, तोच आपला वाटतो. तात्पर्य, चार-पाच फोटो काढून ते ऑफिसातील एखाद्या वडीलधाऱ्या सहकाऱ्यास किंवा जुन्या शिक्षकांस दाखवावेत. आईस दाखवू नयेत; तिला सगळेच आवडतात.

आमच्या ज्ञातीतील तरुणांची लिंक्डइनवरील छायाचित्रे आम्ही सवडीने पाहिली. त्यांतील बरीचशी मूळची वधूवर मेळाव्याच्या फॉर्मसाठी काढलेली आहेत, हे पाहताक्षणीच कळते. पैठणी, नथ, गजरा, मागे स्टुडिओतील रंगविलेला बगीचा! स्थळ पाहण्यासाठी ते सर्व योग्यच आहे. परंतु हिशेबतपासनीस शोधणाऱ्या गृहस्थास बगीच्याचे काय प्रयोजन? काहींनी लग्नातील समूहचित्रातून स्वतःस कापून घेतले आहे व खांद्यावर कोणा मावशीचा हात तसाच राहिला आहे. पासपोर्टचा फोटो लावणारेही आहेत. सरकारी नियमानुसार त्यात चेहरा निर्विकार ठेवावा लागतो, त्यामुळे भला माणूसही जामिनावर सुटल्यासारखा दिसतो.

यास फार खर्च लागत नाही. सकाळी खिडकीसमोर, उजेड चेहऱ्यावर येईल असे बसावे. खिडकी पाठीशी घेऊ नये. मागे साधी भिंत असावी. मोबाईल स्वतःच्या हाती न धरता दुसऱ्याकडे द्यावा आणि त्याने चार-पाच फूट अंतरावर उभे राहावे. हा आग्रह सकारण आहे. अवघ्या एका फुटावरून काढलेल्या चित्रात नाक चेहऱ्याच्या मानाने पाच फुटांवरील चित्रापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसते, असे २०१८ साली अमेरिकेतील एका वैद्यांनी गणिताने मांडले आहे. लोक सेल्फी पाहून नाकाची शस्त्रक्रिया मागू लागल्यामुळे त्यांना हे मांडावे लागले! चेहऱ्याने वर्तुळाचा निम्म्याहून अधिक भाग व्यापावा. कपडे कामावर नेसतो अगर घालतो तेच असावेत.

आता जरा कटू बोलावयाचे आहे. मोबाईलमधील सोय वापरून वर्ण उजळ करण्याची रीत आपल्या घराघरांत शिरली आहे, आणि अलीकडे तर यंत्राकडून कोट-टाय चढविलेला, अस्तित्वातच नसलेला चेहरा करून मिळतो. पुढच्याच आठवड्यात पडद्यावर मुलाखत होते आणि समोर सावळी मुलगी येते. तिच्या सावळेपणात उणे काहीच नसते. परंतु चित्र व माणूस यांत अंतर पडले की पाहणाऱ्याच्या मनात शंका येते, ती तिच्या हिशेबाविषयीही येते. आणि त्याहून वाईट म्हणजे, तुझा खरा रंग दाखविण्याजोगा नाही, हे त्या मुलीस प्रथम घरच्यांनीच सांगितलेले असते. आम्हांस हे मुळीच मान्य नाही.

मुलींच्या बाबतीत दुसरा प्रश्न आहे. कित्येक पालक मुलीचे छायाचित्र लावूच देत नाहीत. त्यांची भीती निराधार नाही. नको ते निरोप येतात, छायाचित्रांचा गैरवापरही होतो. तथापि नावापुढे करडे रिकामे वर्तुळ ठेवून तिने समवयस्क मुलांशी स्पर्धा करावी, हेही न्याय्य नव्हे. छायाचित्र कोणास दिसावे, केवळ ओळखीच्यांना, सर्व सभासदांना की जगास, हे ठरविण्याची सोय तेथे आहे. ती मुलीस दाखवून द्यावी आणि निर्णय तिच्यावर सोपवावा. ती मुंबईत लोकलने एकटी जाते-येते, हे आपण विसरता कामा नये.

येथे एक सांगणे अवश्य आहे. अमेरिकेत व इंग्लंडात नोकरीच्या अर्जासोबत छायाचित्र जोडण्याची रूढी नाही, कारण वर्ण व वंश पाहून पक्षपात होण्याचे भय असते. जर्मनीत ती रूढी जुनी होती. २००६ सालच्या समान वागणुकीच्या कायद्यानंतर तेथेही मालकांनी छायाचित्राचा आग्रह धरणे कमी झाले. सबब परदेशी अर्ज करणाऱ्यांनी लिंक्डइनवर फोटो ठेवावा, पण अर्जाच्या कागदावर चिकटवू नये.

मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, म्हणजे ही कला आपल्याकडे पावणेदोनशे वर्षे जुनी आहे. तरीही आपल्या पुष्कळ घरांत आजोबांचे एकच छायाचित्र असते, आणि तेही हार घातलेले. आपल्या नातवंडांचे तसे होऊ नये, म्हणून चिटणिसांच्या संमतीने आज दुपारी चार वाजेपर्यंत वाचनालयातील उत्तरेच्या खिडकीपाशी एक खुर्ची मांडून ठेवली आहे. छायाचित्र काढून देण्यास दोन तरुण सभासद तेथे बसले आहेत. शुल्क नाही. गजरे मात्र बाहेर काढून ठेवावेत.